अनाकिनचा व्हेडर नक्की कुठे होतो, आणि तो बाकड्यावर कसा दाखवायचा

कुडाळकडच्या पोरांचा एक ग्रुप स्टार वॉर्समधल्या अनाकिन स्कायवॉकरवर, जो पुढे काळ्या मुखवट्यातला खलनायक व्हेडर होतो त्याच्यावर, दशावतारी पद्धतीचं दोन तासांचं नाटक बसवतोय. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा: लहान अनाकिन इतका गोड आहे की लोक त्याच्या प्रेमात पडतात, आणि मोठा झाल्यावर तोच एका प्रवेशात गुडघे टेकतो आणि पुढच्या प्रवेशात लहान मुलांवर तलवार चालवतो, मधला सांधा काही केल्या बसत नाही, तर राक्षसपार्ट, म्हणजे खलनायकाचं सोंग, नेमका कुठून सुरू करायचा?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. राक्षसपार्ट सुरूच करू नका. हा माणूस शेवटपर्यंत राजपार्टच, म्हणजे नायकच आहे, फक्त तो नऊ वर्षांचा असताना जे एक गणित शिकला तेच गणित तेविसाव्या वर्षी मांडतो आणि त्यात सगळं घालवून बसतो. ते गणित म्हणजे सौदा. माणूस विकत मिळतो, माणूस पैजेवर लावता येतो, माणूस सोडवायचा तर त्या बदल्यात काहीतरी द्यावं लागतं. तुमचा सांधा बसत नाही कारण तुम्ही तो त्याला पुढे बिघडवणाऱ्या पालपटीन या राजकारण्याच्या ऑफिसात शोधताय, तो त्याच्या लहानपणीच्या मालकाच्या, वॉटोच्या, दुकानात आहे.

मी बरीच वर्षं दशावतारात उभा राहतोय, राजाही केलाय आणि राक्षसही, आणि अश्वत्थामा तर इतक्या वेळा केलाय की ते पात्र आता अंगातच मुरलंय, म्हणून जे सांगतोय ते उभं राहून बोलून बघितलेल्या माणसाचं सांगणं आहे असं समजा. सिनेमे मी माझ्या मुलांबरोबर बघितले आणि नंतर मुलं झोपल्यावर एकट्याने परत बघितले.

आता लहानपण. तुम्ही पाठवलेल्या आराखड्यात पहिलाच प्रवेश पॉडरेसचा, म्हणजे उडत्या गाड्यांच्या शर्यतीचा आहे, धूर, लाइट, ट्रिकसीन, सगळा थाट. तो तिथून काढा. म्हणजे रेस ठेवा, लोकांना ती हवीच असते, पण नाटक तिथून उघडू नका. उघडा दुकानात. टॅटूईन नावाचा रेताड ग्रह, मॉस एस्पा नावाचं गाव, आणि वॉटो नावाच्या पंखवाल्या भंगारवाल्याच्या मालकीची दोन माणसं, श्मी आणि तिचा मुलगा. त्याआधी ते गार्डुला नावाच्या हट जातीच्या एकीच्या मालकीचे होते, तिने ते रेसच्या पैजेत वॉटोला हरले. म्हणजे या पोराला आठवतं तेव्हापासून तो पैजेवर लागलेलाच आहे. आणि गुलामांच्या अंगात एक ट्रान्समीटर बसवलेला असतो, पळून जायला गेलं की स्फोट. हे तो पोरगा पॅड्मेच्या, म्हणजे नाबू ग्रहाच्या राणीच्या, पुढे जी त्याची बायको होते तिच्या माणसांना जेवताना सांगतो, अगदी सहज, जसं आपल्याकडचं पोर सांगेल की आमच्या विहिरीला मे महिन्यात पाणी नसतं. हा सहजपणाच पकडा. दुःख करत बोलला की प्रवेश मेला. मुलाला दुःख आहे हे मुलालाच माहीत नाहीये, प्रेक्षकाला माहीत आहे.

एका ठिकाणी मात्र तो चिडतो. पॅड्मे त्याला विचारते, तू गुलाम आहेस? आणि तो पटकन सांगतो की मी माणूस आहे, माझं नाव अनाकिन आहे. हे एक वाक्य मुलाकडून नीट काढून घ्या, बाकी सगळा वेळ त्याला हसूखेळू द्या. तो यंत्रं जुळवतो, आईला मदत व्हावी म्हणून सी-थ्रीपीओ नावाचा यंत्रमानव बनवतो, चोरून पॉड बनवतो, ज्या रेसमध्ये दुसरा कुठला माणूस टिकत नाही त्या रेसमध्ये बसतो. आणि तो क्वाय-गॉन या जेडायला, म्हणजे फोर्स नावाची अदृश्य शक्ती वापरणाऱ्या योद्ध्याला, आपलं स्वप्न सांगतो, की मी जेडाय झालो आणि परत येऊन सगळ्या गुलामांना सोडवलं. क्वाय-गॉन त्याला खरं ते सांगतो की मी काही गुलामांना सोडवायला आलेलो नाही. माझ्या मते अख्ख्या कथेतला सगळ्यात महत्त्वाचा संवाद हा आहे आणि लोकांचं तिकडे लक्षच जात नाही. हे स्वप्न तो कधीच पुरं करत नाही. पुढे एवढी ताकद येते, फौजा येतात, आणि त्या ग्रहावरचा एकही गुलाम त्याच्या हातून सुटत नाही.

मग पैज. क्वाय-गॉनचं जहाज बिघडलंय, पार्ट वॉटोकडे आहे, रिपब्लिकचे पैसे वॉटोला चालत नाहीत. म्हणून रेस. आणि रेसच्या आधी दुसरी पैज, पॉडच्या बदल्यात गुलाम. वॉटो म्हणतो एका पॉडला दोन गुलाम नाही परवडत, एकच. कोण ते फाशावर ठरवू. निळा पडला तर पोरगा, लाल पडला तर आई. फासा पडताना क्वाय-गॉन फोर्स वापरून तो हळूच निळ्यावर फिरवतो. बघा इथे काय झालं. चांगल्यातल्या चांगल्या माणसाने, मनात काही पाप नसताना, एका आईला फाशावर मागे टाकलं. तुमच्या आराखड्यात हा फासा एका वाक्यात आटपलाय. याला पूर्ण प्रवेश द्या. महाभारताचं द्यूत उभं करतो तसं उभं करा, पखवाज वाढवत न्या, आणि फासा पडला की एकदम तोडा. आपल्या प्रेक्षकाला द्यूत म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, फासा हातात घेतला की मंडपातली बायामाणसं सावरून बसतात.

निरोपाचा प्रवेश तर कोकणात पडलाच पाहिजे. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरगा मुंबईला गेलाय आणि आई घरात राहिलीय, पिशवीत तांदूळ, कुळथाचं पीठ, सुकट भरून दिलीय आणि एसटी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिलीय. लोक तो प्रवेश डोळ्यांनी नाही, पोटातून बघतील. पण एक फरक ठळक करा, कारण सगळं त्यावर उभं आहे. चाकरमानी गणपतीला येतो, शिमग्याला येतो, मनीऑर्डर यायची, आता फोन येतो. अनाकिनला यायची मुभाच नाही. जेडाय झाला म्हणजे मागची नाती सोडायची. तो निघतो, थोडं जाऊन पळत परत येतो, विचारतो की आपण परत भेटू ना, आणि आई त्याला सांगते की मागे वळून बघू नकोस. ती बिचारी प्रेमाने सांगते. पुढची दहा वर्षं तो तेवढं एकच करू शकत नाही.

भाषेबद्दल एक सांगतो, हे मी स्वतः केलं असतं म्हणून सांगतो. टॅटूईनवर आई आणि पोरगा मालवणीत बोलू देत. "आये, मी परत येतलंय, तुका सोडवून नेतलंय." राजधानीत गेल्यावर, जेडायांच्या मंडळात उभा राहिल्यावर तो राजपार्टाची शुद्ध, भारदस्त भाषा बोलायला लागेल, आपल्याकडे राजे बोलतात तशी. मग आई मरते तेव्हा त्याच्या तोंडून परत मालवणी निघेल, "आये, मी इलंय," आणि त्यानंतर नाटकात कधीच नाही. यावर कुणी संवाद लिहू नका, कुणी टिप्पणी करू नका. लोकांच्या कानाला कळतं.

जेडाय मंडळाचा प्रवेश पटकन घ्या. रक्तातल्या मिडिक्लोरियनचा, म्हणजे फोर्सचं बळ दाखवणाऱ्या कणांचा, आकडा वीस हजारांवर, मंडळातला सगळ्यात मोठा गुरू योडा याच्यापेक्षाही जास्त, भविष्यवाणी, समतोल राखणारा कोण तो, हे सगळं एका पदात उरका. पेटीवाल्याला चाल द्या आणि मोकळे व्हा. त्यातून एकच गोष्ट ठेवा, योडाला त्या मुलात भीती दिसते, आईला गमावण्याची भीती. आणि ती ओळखून मंडळ काय करतं? आधी नाही म्हणतं, वय जास्त झालं म्हणून. मग नाबूवर क्वाय-गॉन मारला जातो, आणि मरताना आपला शिष्य ओबी-वान याच्याकडून शब्द घेतो की या मुलाला तू तयार कर, म्हणून मग परवानगी मिळते. पण त्या भीतीचं काय केलं? काही नाही. दहा वर्षांत कुणी वॉटोकडे जाऊन श्मीला सोडवून आणलं असं कथेत कुठेच नाही. मला जेडाय वाईट वाटत नाहीत, हे नीट ऐका, ती माणसं प्रामाणिक आहेत, शिस्तीची आहेत. पण मुलाला भीती सोड म्हणून सांगितलं आणि भीतीचं कारण तसंच ठेवलं. गुरू म्हणून शिकवणाऱ्या कुणीही हा भाग दोनदा बघावा.

आणि याच वेळी पालपटीन त्या नऊ वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तुझ्याकडे आमचं लक्ष राहील असं काहीतरी गोड बोलतो. तेवढंच. पण तो लक्ष ठेवतोच, वर्षानुवर्षं. ओबी-वान चुका दाखवतो, पालपटीन कौतुक करतो. पोराला आठवड्यातून एकदा जरी कुणी म्हणालं की तू सगळ्यांत भारी आहेस, तर तो कुणाचा होणार?

आता खरा भ्रष्ट होण्याचा प्रवेश. बहुतेक लोक म्हणतील तो जेडायांच्या मंदिरातला, मुलांवर तलवार उचलतो तो. मी म्हणतो टस्कनांचा, म्हणजे टॅटूईनच्या वाळवंटातल्या टोळीचा, तळ. इथे अनाकिन एकोणीस-वीस वर्षांचा आहे. रोज रात्री आई वेदनेत दिसते. ही स्वप्नं तो ओबी-वानला सांगतो, ओबी-वान म्हणतो स्वप्नं काय, जातात आपोआप. शेवटी राहवत नाही म्हणून तो पॅड्मेला घेऊन टॅटूईनला जातो. तिथे कळतं की वॉटोने श्मीला क्लिग लार्स नावाच्या शेतकऱ्याला विकलं होतं, त्याने तिला मुक्त केलं, लग्न केलं, ती सुखात होती. म्हणजे जे काम एवढ्या मोठ्या जेडायांनी केलं नाही ते एका साध्या शेतकऱ्याने पैसे मोजून केलं. आणि महिन्यापूर्वी टस्कनांनी तिला पळवून नेलं. अनाकिन तळावर पोचतो, आई त्याच्या हातात मरते, आणि तो बाहेर येऊन सगळ्यांना मारतो. पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांना.

हे मारणं दाखवू नका. मी अश्वत्थामा करताना सौप्तिकाची रात्र कधी पूर्ण दाखवत नाही. झोपलेल्या पांचालांच्या शिबिरात तो शिरतो, दारावर कृप आणि कृतवर्मा उभे, आत धृष्टद्युम्न, शिखंडी, द्रौपदीची पाच मुलं. आम्ही शिरतो ते दाखवतो, मग नुसता पखवाज, मग बाहेर येतो ते दाखवतो. बाहेर आलेल्या माणसाचं तोंड बघून लोकांना सगळं कळतं. आणि अश्वत्थाम्याचं लहानपण आठवा, इतर मुलं दूध पितात म्हणून याने हट्ट धरला आणि याला पिठाचं पाणी दूध म्हणून पाजलं, तो आनंदाने नाचला आणि बाकीची पोरं हसली. त्या पिठाच्या पाण्यापासून द्रोण द्रुपदाकडे गेला, अपमान होऊन आला, कौरवांच्या दारात गेला, आणि तिथून सगळी लढाई उभी राहिली. मारेकऱ्याचं बालपण सांगायचं ते त्याला माफी द्यायला नाही, तर लोकांनी त्याला ओळखावं म्हणून. व्यासांनी हे करून ठेवलंय, आपण फक्त धीर धरायचा.

टस्कनांच्या प्रवेशापेक्षा त्याच्या नंतरचा प्रवेश मोठा आहे. अनाकिन परत येतो आणि पॅड्मेला सगळं सांगतो, रडतो, की मी त्यांना जनावरांसारखं कापलं, मुलांनाही. आणि मग? ती त्याला समजावते. शिक्षा नाही, मंडळापुढे हजेरी नाही, काही नाही. थोड्याच दिवसांत दोघं लपून लग्न करतात. आणि त्याने हे आणखी एकाला सांगितलेलं आहे, पालपटीनला, २००५ च्या भागात अनाकिनने डुकू नावाच्या शत्रूला मारल्यानंतर पालपटीन स्वतःच आठवण काढतो, तू मला तुझ्या आईबद्दल आणि टस्कनांबद्दल सांगितलं होतंस ना, म्हणून. म्हणजे बघा, या माणसाच्या सगळ्यात मोठ्या पापाचा हिशोब ज्यांनी मागायचा त्यांच्यापर्यंत ते पोचलंच नाही, आणि ज्याला ते वापरायचं होतं त्याच्याकडे जपून ठेवलेलं होतं. पापाला कुणी जाब विचारला असता तर अनाकिन वाचला असता असं मला मनापासून वाटतं. जाब विचारणं म्हणजेही जवळ घेणंच असतं.

आईच्या मरणाच्या वेळी तो एक शपथ घेतो, की पुढे कुणाला मरूच देणार नाही, माणसांना मरणापासून थांबवायला शिकेन. इथे सौदा परत उघडतो, फक्त यावेळी समोरचा मालक मरण आहे. नटाने हे वाक्य रागात बोलू नये. पोरगा पैसे साठवून आईला सोडवीन म्हणतो त्याच सुरात बोलावं.

मधली तीन वर्षं युद्धाची. त्यात अडकू नका. एक युद्धनृत्य ठेवा, आपली ताकद तीच आहे, एलईडीच्या नळ्या घेऊन खुशाल नाचा, लाइटसेबर, म्हणजे जेडायांची प्रकाशाची तलवार, दशावतारी युद्धनृत्यात इतका शोभेल की लोक शिट्ट्या मारतील. डुकूने त्याचा उजवा हात तोडलाय, तिथे धातूचा हात आहे, एक काळा हातमोजा पुरे. आणि त्याची शिष्या अहसोका, जिच्यावर मंदिरात बॉम्ब ठेवल्याचा खोटा आळ आला आणि मंडळाने तिला बाहेर काढलं, नंतर निर्दोष ठरल्यावर परत बोलावलं पण ती गेली नाही, हे मालिकेत आहे, वेळ असेल तर एका पदात सांगा. त्याने अनाकिनचा मंडळावरचा विश्वास आणखी उडाला. वेळ नसेल तर सोडा, कथा तुटत नाही.

डुकूचा वध मात्र सोडू नका. अनाकिनने त्याचे दोन्ही हात तोडलेत, दोन्ही तलवारी त्याच्या गळ्याला कात्रीसारख्या लावल्यात, माणूस निःशस्त्र गुडघ्यावर आहे. पालपटीन खुर्चीला बांधलेला, तो म्हणतो मार. अनाकिन थांबतो, म्हणतो की असं करणं बरोबर नाही, आणि तरी मारतो. लगेच म्हणतो की मी हे करायला नको होतं. पालपटीन समजूत घालतो, त्याने तुझा हात तोडला, तुला सूड हवा होता, हे नैसर्गिक आहे. पॅड्मेने जे अजाणता केलं ते हा जाणूनबुजून करतोय. एका माणसाला पाप करायला लावायचं आणि लगेच पदराखाली घ्यायचं. दुष्टाई शिकवायची हीच पद्धत, आणि पालपटीनचं काम करणाऱ्याने हा प्रवेश वडिलांच्या मायेने करावा, एक कणभर खलनायकी न आणता.

मग स्वप्नं परत सुरू. यावेळी पॅड्मे, बाळंतपणात मरताना. म्हणून माझी एक आग्रहाची सूचना, श्मी आणि पॅड्मे एकाच स्त्रीपार्टीला, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या नटाला, द्या. दशावतारात एक नट दोन-तीन पात्रं करतोच, त्यात नवल नाही, साडी बदलली की माणूस बदलला. पण इथे त्याचा अर्थ वेगळा लागेल. अनाकिनला तेच तोंड परत मरताना दिसतंय. आईची स्वप्नं खरी ठरली होती, मग ही का खोटी मानायची? त्याची भीती वेडी नाहीये, अनुभवाने आलेली आहे. तो योडाकडे जातो, नाव न घेता विचारतो, आणि योडा सांगतो की जे गमवायची भीती वाटते ते सोडून द्यायला शीक. तत्त्व म्हणून यात काही चूक नाही, वारकरीही तेच सांगेल. पण लपून केलेल्या लग्नातली गरोदर बायको मरताना दिसतेय अशा पोराला हे ऐकून काय वाटलं असेल ते नटाने फक्त डोळ्यांत आणावं आणि मान खाली घालून निघून जावं.

त्यात मंडळ त्याला पालपटीनच्या सांगण्यावरून जागा देतं पण मास्टरचा दर्जा देत नाही, आणि वर सांगतं की पालपटीनवरच नजर ठेव. इथे अनाकिन चिडतो, तरणाताठा माणूस आहे, मानही हवाय त्याला. लोभ नव्हता असं मी म्हणत नाही. पण लोभाला पुढे आणू नका, तो पाठीमागे राहू दे.

पालपटीन नाट्यगृहात त्याला एका जुन्या सिथची, म्हणजे जेडायांच्या वैरी पंथातल्या माणसाची, गोष्ट सांगतो, डार्थ प्लेगस, जो आपल्या माणसांना मरणापासून वाचवू शकत होता. हीच सौद्याची बोली. इथेच ते बाकडं कामाला येईल. आपल्याकडे एकच बाकडं असतं, तेच सिंहासन, तेच डोंगर, तेच पलंग. पहिल्या प्रवेशात वॉटो ज्या बाकड्यावर बसून पैज लावतो त्याच बाकड्यावर, त्याच बाजूला, पालपटीनला बसवा. आणि वॉटो जसा एक पाय वर घेऊन बसतो तसाच हा जरासा बसेल, जरासाच. बाकी काही करायची गरज नाही.

आता तो निर्णायक प्रवेश. हे लक्षात घ्या की पालपटीन स्वतः सिथ आहे हे कळल्यावर अनाकिन आधी बरोबरच वागतो. जाऊन मंडळातल्या मेस विंडू या मोठ्या जेडायला सांगतो. विंडू म्हणतो की तू इथेच मंडळाच्या खोलीत थांब. आणि तो थांबतो. एकटा. संध्याकाळ होतेय, लांब पॅड्मे तिच्या घरात खिडकीशी उभी, दोघं एकमेकांच्या दिशेने बघतायत, एक शब्द नाही. दशावतारी नटाला हे सगळ्यात अवघड, कारण आपण बोलून उभे राहतो, लिखित संहिता नसते, आयत्या वेळी शब्द रचणं हीच आपली विद्या. इथे बोलू नका. पेटीवाल्याला एकच सूर धरून ठेवायला सांगा, पखवाज बंद, अनाकिन बाकड्याच्या एका टोकाला, स्त्रीपार्टी मंडपाच्या दुसऱ्या टोकाला. लोक चुळबुळ करतील असं वाटेल, करणार नाहीत. पहाटे तीन वाजताही करणार नाहीत.

मग तो उठतो आणि जातो. विंडूने पालपटीनला पाडलंय, मारणार आहे. अनाकिन म्हणतो त्याच्यावर खटला चालला पाहिजे, असं मारणं जेडायांची रीत नाही. हे कारण खरं आहे, डुकूच्या वेळी त्याने स्वतःच हे मोडलंय आणि ते त्याला टोचतंय. पण विंडू ऐकत नाही तेव्हा दुसरं कारण बाहेर पडतं, की मला तो जिवंत हवाय. नटाने पहिलं कारण दरबारी आवाजात बोलावं आणि दुसरं नऊ वर्षांच्या पोराच्या आवाजात. तो विंडूचा हात तोडतो, पालपटीन विंडूला खिडकीबाहेर फेकतो, आणि अनाकिन म्हणतो मी काय करून बसलो. हे तिसऱ्यांदा. दर वेळी त्याला कळतंय. दर वेळी समोर कुणीतरी समजूत घालायला आहे.

आणि आता तो सगळं देऊ करतो, म्हणतो जे सांगशील ते करीन, फक्त पॅड्मेला वाचव. तेव्हा पालपटीन काय म्हणतो ते नीट ऐका. म्हणतो की मरणाला फसवणं एकालाच जमलं होतं, पण आपण दोघांनी मिळून प्रयत्न केला तर ते गुपित सापडेल. म्हणजे माल दुकानात नाहीच आहे! वॉटो बरा, त्याने हरल्यावर पोरगा खरंच दिला. इथे किंमत आधी घेतली आणि माल नंतर शोधू म्हणतोय, आणि अनाकिनला ते कळूनही मागे फिरता येत नाही कारण विंडू मेलाय, डुकू मेलाय, टस्कन मेलेत, एवढं दिल्यावर आता फिरलं तर सगळंच फुकट. जुगारात बुडालेल्या माणसाला विचारा. तुमचा सांधा इथे आहे, मंदिरात मुलांवर तलवार उचलणारा माणूस रागाने पेटलेला नाही, तो किमतीचा पुढचा हप्ता भरतोय. म्हणून तो प्रवेश थंड ठेवा. भडक तोंड, लाल लाइट, गडगडाटी हसू, यातलं काही नको. डोळे कोरडे आणि चाल सरळ.

मुस्ताफार नावाच्या आगीच्या ग्रहावर पॅड्मे येते तेव्हा तो तिला सांगतो की मी पालपटीनला उलथवू शकतो, आपण दोघं राज्य करू. इथे पहिल्यांदा लोभ पुढे येऊ दे, मोकळा सोडा. ओबी-वान तिच्या जहाजातून उतरलेला दिसतो आणि हा तिचाच गळा आवळतो. जिच्यासाठी एवढं विकलं तीच. मग ओबी-वानशी युद्ध, दोन्ही पाय आणि डावा हात जातो, आगीत होरपळतो. युद्धनृत्य इथे दुसऱ्यांदा येईल, पण पहिल्यासारखं नाचायचं नाही, दमलेले दोन भाऊ भांडतायत असं.

मुखवट्याबद्दल. आपल्या शिमग्यातला काळ्या कपड्यांतला संकासुर बघून लहान पोरं घाबरून पळतात, आणि तरी त्यांना माहीत असतं की आत वाडीतलाच कुणीतरी काका आहे. व्हेडरचा मुखवटा तसाच घाला, लोकांसमोर, हळूहळू, नट दिसत असताना. विंगेतून मुखवटा घालून आणला तर तो नुसता राक्षस होईल. मुखवटा चढल्यावर त्याचा पहिला प्रश्न पॅड्मे कुठे आहे, ती ठीक आहे ना, हा आहे, आणि पालपटीन सांगतो की तुझ्या रागात तूच तिला मारलंस. इथे तुमचं नाटक थांबवा. १९८३ च्या भागात तो मुलासाठी पालपटीनला उचलून फेकतो, ते वेगळं नाटक आहे, दोन तासांत दोन्ही कोंबू नका. पालपटीन मात्र तुमच्या मंडळातल्या सगळ्यात देखण्या, गोड आवाजाच्या राजपार्टीला द्या आणि त्याला तालमीत एकदाही डोळे वटारू देऊ नका. वॉटो आणि पालपटीन हे दोन बाकड्याचे प्रवेश आधी बसवा, फासा आणि बोली, तेवढे दोन जमले की बाकीचं नाटक तुमचे नट उभ्या उभ्या रचतील.